शहराच्या दुसऱ्या टोकाला, कॉफी शॉपमध्ये कोल्हापुरी खाणे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली काही वर्षे मी महिन्यातून एकदोनदा कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतून ताराबाई पार्काच्या बाजूला, बिंदू चौक आणि दसरा चौक ओलांडून, मिसळ देणाऱ्या एका कॉफी शॉपमध्ये जाते. कधी एकटी जाते, कधी सासूबाई सोबत असतात. पेठेतल्या माणसाने मिसळीसाठी एवढे लांब जावे, याचे ऐकणाऱ्यांना नवल वाटते आणि मग प्रश्न सुरू होतात. त्यांपैकी जे पुन्हा पुन्हा आले, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. दुकानाचे नाव मुद्दाम दिलेले नाही, कारण राजारामपुरी, नागाळा पार्क, शाहूपुरी अशा कोणत्याही भागातील कॉफी शॉपला ही उत्तरे लागू पडावीत, अशी इच्छा आहे.

पेठेत पावलोपावली मिसळ मिळत असताना इतक्या लांब कशासाठी जायचे?

केवळ मिसळ हवी असेल, तर जाऊ नये. पेठेतल्या मिसळीच्या दुकानात सकाळी जो कट, म्हणजे मिसळीचा तिखट रस्सा, उकळत असतो, तो अनेक वर्षांच्या सरावाचा असतो आणि त्याची बरोबरी करणे कोणत्याही नव्या दुकानाला सोपे नाही. मात्र तेथे आपल्या बाकड्यामागे पुढचे गिऱ्हाईक उभे असते, त्यामुळे खाऊन उठावे लागते, आणि त्यात कोणाचा दोष नाही, कारण त्या दुकानाची लयच तशी आहे. कॉफी शॉप आपल्याला वेळ देते. तोच पदार्थ सावकाश खाल्ला की त्यातले भाजलेले खोबरे वेगळे कळते, तीळ वेगळे कळतात, लसूण कच्चा राहिला असेल तर तोही कळतो. एकट्या बाईला तासभर निवांत बसता येणे आणि वयस्कर माणसाला पाठ टेकायला खुर्ची मिळणे, ही कारणेही मला लहान वाटत नाहीत. अट एकच आहे, ती म्हणजे कट कोल्हापुरी असला पाहिजे. खुर्ची मऊ आहे म्हणून फिका कट चालवून घेऊ नये.

कोणत्या वेळी जावे?

मिसळीसाठी सकाळी जावे. दुपारपर्यंत पातेल्यातला कट आटतो, मग त्यात पाणी वाढवले जाते आणि चव उतरते. रविवारी सकाळी गर्दी असते, त्यामुळे सवड असेल तर आठवड्यातला मधला दिवस निवडावा. पेठेतून रिक्षा केल्यास गाडी लावायला जागा शोधण्याचा त्रास वाचतो.

मेनूकार्डावर ओळखीचे नावच सापडत नाही. काय मागवावे?

हा प्रश्न मला सर्वांत जास्त महत्त्वाचा वाटतो. एका ठिकाणी आम्ही पहिल्यांदा गेलो, तेव्हा कार्डावर मिसळ हा शब्दच नव्हता. तिचे ‘स्पायसी स्प्राउट बाऊल’ झाले होते आणि सासूबाईंनी दोन वेळा कार्ड उलटून पाहून ते खाली ठेवले. जो पदार्थ त्यांनी आयुष्यभर केला आणि वाढला, तो मागवण्यासाठी त्यांना सुनेची मदत घ्यावी लागली, हे मला अजून टोचते.

त्यावर माझा उपाय असा आहे की, कार्डावर काहीही छापलेले असो, आपण आपल्याच नावाने मागवावे. मिसळ, कट, खर्डा, भडंग, अक्खा मसूर, झुणका, काकवी या शब्दांनी वाढपी गोंधळत नाही, कारण तो बहुधा आपल्याच जिल्ह्यातला असतो. उलट तो मोकळेपणाने बोलू लागतो, आज काय ताजे आहे ते सांगतो. येथे कटाला कटच म्हणावे. पुण्यात ज्याला सँपल म्हणतात आणि विदर्भात तर्री म्हणतात, त्यांच्याशी त्याचे नाते आहे, परंतु कोल्हापुरात तर्री म्हणजे कटावर तरंगणारा तेलाचा लाल थर, संपूर्ण रस्सा नव्हे. त्या दुकानात आम्ही हीच गोष्ट नम्रपणे सांगितली होती, आणि पुढच्या खेपेस कार्डावर मराठीत मिसळ लिहिलेले दिसले. ते आमच्यामुळेच झाले असा दावा मी करत नाही.

कट चांगला आहे हे कसे ओळखावे?

सुरुवात डोळ्यांनी करावी. चांगल्या कटात तर्री आणि खालचा रस्सा वेगवेगळे दिसतात, कारण मिरचीतले रंगद्रव्य तेलात उतरते आणि मसाला पुरेसा परतला गेला असेल तर ते तेल वर येते. वरपासून तळापर्यंत एकसारखा लालभडक आणि पिठाळ दिसणारा कट मला संशयास्पद वाटतो. तो बेसन लावून दाट केलेला असू शकतो किंवा त्यात रंग घातलेला असू शकतो.

नंतर वास घ्यावा. आपल्याकडे कांदा-लसूण मसाल्याला घरोघरी ‘चटणी’ म्हणतात. उन्हाळ्यात वर्षभराची चटणी डंकावर कांडून आणण्याची रीत आजही पुष्कळ घरांनी सोडलेली नाही. रंगासाठी ब्याडगी, तिखटपणासाठी संकेश्वरी किंवा जवारी मिरची, त्यात भाजलेले सुके खोबरे, तीळ, धणे, खडा मसाला आणि तळलेला कांदा-लसूण, असे तिचे साधारण रूप असते, आणि प्रत्येक घराचे प्रमाण निराळे असते. दुकानाने अशी चटणी वापरली असेल, तर ताट समोर येण्याआधी खोबऱ्या-लसणाचा वास येतो. नुसती मिरचीपूड आणि विकतचा गरम मसाला वापरला असेल, तर पहिला ठसका येतो आणि वास येत नाही.

शेवटी चव घ्यावी आणि तीही कट नुसता चमच्याने पिऊन घ्यावी, फरसाण मिसळून नव्हे. चांगल्या कटाचा तिखटपणा हळूहळू चढतो. आधी खमंगपणा, मग किंचित गोडसर खोबरे आणि सर्वांत शेवटी जाळ. पहिल्याच घोटाला घसा धरणारा कट झणझणीत म्हणून खपवला जातो, पण झणझणीत या शब्दात चवही धरलेली आहे. बाहेरगावच्या लोकांची समजूत झाली आहे की कोल्हापुरी म्हणजे डोळ्यांतून पाणी काढणारे खाणे. ती समजूत आपणच दुकानांत जाऊन पक्की करू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आणखी एक गोष्ट पाहावी. मटकीला मोड आलेले असावेत आणि ती दाताखाली मऊ लागावी, पण तिचा लगदा झालेला नसावा. खाली बटाट्याची भाजी असेल तर उत्तमच.

सोबत पाव मागवावा की ब्रेड?

कोल्हापुरात मिसळीबरोबर ब्रेडचे स्लाइस देण्याची जुनी पद्धत आहे आणि मी तिचीच बाजू घेते. स्लाइस कट लवकर शोषतो आणि त्यात मसाल्याची चव झाकली जात नाही. कॉफी शॉपमध्ये कधी लोणी लावून भाजलेला पाव येतो, तो कॉफीबरोबर फार चांगला लागतो, पण कटाबरोबर लोण्याचा थर आडवा येतो. म्हणून साधे, न भाजलेले स्लाइस मागून घ्यावेत. नसतील तर साधा पाव चालेल.

तिखट खाल्ल्यानंतर लगेच कॉफी प्यावी का?

गरम कॉफी लगेच पिऊ नये, आणि त्याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. मिरचीचा जाळ ज्या कॅप्सायसिन या द्रव्यामुळे होतो, ते जिभेवरच्या अशा संवेदकांना चेतवते, जे एरवी साधारण ४३ अंश सेल्सिअसच्या पुढची उष्णता मेंदूला कळवण्याचे काम करतात. कॅप्सायसिन लागले की हे संवेदक त्याहून कमी उष्णतेलाही जागे होतात. त्यामुळे जी कॉफी इतर वेळी सहज सोसते, तीच मिसळीनंतर पोळल्यासारखी वाटते. तोंड भाजलेले नसते, तरी मेंदूला तसेच कळवले जाते.

पाण्याने हा जाळ फारसा शमत नाही, कारण कॅप्सायसिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, ते स्निग्ध पदार्थात विरघळते. त्याच न्यायाने बिनदुधाची कॉफी येथे उपयोगाची नाही. दुधातील केसीन हे प्रथिन आणि दुधातील स्निग्धांश मात्र कॅप्सायसिनला जिभेवरून उचलून नेण्यास मदत करतात. मिसळीबरोबर दही किंवा ताक घेण्याची आपली सवय याच कारणाने शहाणपणाची आहे.

म्हणून मी पाळते तो क्रम असा आहे: आधी मिसळ, तिच्याबरोबर वाटीभर दही किंवा ताक, मग दहा-पंधरा मिनिटांच्या गप्पा आणि त्यानंतर कॉफी. घाई असेल तर दुधाची कोल्ड कॉफी घ्यावी, तिचा गारवा आणि दूध दोन्ही कामी येतात. दोन्ही पदार्थ एकदम मागवून आळीपाळीने खाल्ले, तर कॉफीचा कडवटपणा आणि कटाचा तिखटपणा एकमेकांना खाऊन टाकतात आणि पदरात काहीच पडत नाही.

मग कॉफी कोणती मागवावी?

माझे मत फिल्टर कॉफीच्या बाजूने आहे. भारतातील कॉफीपैकी सुमारे ७० टक्के कॉफी कर्नाटकात पिकते, आणि कोडगू व चिकमंगळूरचे मळे आपल्या कोल्हापूरपासून दक्षिणेलाच आहेत. या सीमेवरून मिरची येते, माणसे येतात, भाषाही इकडून तिकडे जाते, तर कॉफीला परकी मानण्याचे कारण नाही. फिल्टर कॉफीत बहुधा चिकोरी असते. ती एका वनस्पतीच्या मुळापासून होते, तिच्यात कॅफिन नसते आणि ती कॉफीला दाटपणा व थोडा करपट गोडवा देते. मिसळीनंतर हा गोडवा चांगला जुळतो. किती चिकोरी घातली आहे, हे विचारण्यास संकोच करू नये.

एस्प्रेसो घ्यायचीच असेल, तर ती खमंग पण कमी तिखट पदार्थाबरोबर घ्यावी. चुरमुऱ्याचे लसूण घातलेले भडंग आणि बिनसाखरेची काळी कॉफी ही जोडी मला पावसाळ्याच्या संध्याकाळी फार आवडते. तेलकट, कुरकुरीत घासानंतर कडू घोट तोंड स्वच्छ करतो. ज्यांना झोपेचा त्रास आहे, त्यांनी अरेबिका कॉफी मागावी, कारण रोबस्टा या दुसऱ्या जातीच्या कॉफीमध्ये तिच्या जवळजवळ दुप्पट कॅफिन असते, आणि तीही संध्याकाळी टाळावी.

येथील दुधाची कॉफी इतर शहरांपेक्षा जड का लागते?

कारण आपल्याकडे म्हशीचे दूध आवडीने वापरले जाते. गायीच्या दुधात साधारण ३.५ ते ४.५ टक्के स्निग्धांश असतो, म्हशीच्या दुधात तो ६ ते ७ टक्के किंवा त्याहून अधिक असतो. कॉफीचा सौम्य सुगंध अशा दुधात दबतो. उपाय म्हणजे दूध कमी आणि डिकॉक्शन, म्हणजे कॉफीचा गाळलेला अर्क, जास्त, असे स्पष्ट सांगणे. दूध ६० ते ६५ अंशांपर्यंतच वाफवावे, त्यापुढे खूप तापले की त्याला उकळलेल्या दुधाचा वास लागतो. मात्र गंगावेशेच्या दूध कट्ट्यावर डोळ्यांदेखत काढलेले फेसाळ दूध पिऊन जो वाढला आहे, त्याला हे जड दूधच आपले वाटणार, आणि मी त्याच्याशी वाद घालणार नाही.

गुळाची कॉफी मागवावी का? ती फाटत नाही का?

अवश्य मागवावी. कोल्हापुरी गुळाला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, आणि त्याआधी शंभराहून अधिक वर्षे शाहूपुरीतील गुळाचा बाजार देशभर नाव राखून होता. ज्या गावाचा गूळ असा, त्या गावातल्या कॉफी शॉपने साखरेची पुडी तेवढी पुढे करावी, हे बरे दिसत नाही.

दूध फाटते ते पद्धत चुकल्यामुळे. गूळ किंचित आम्लधर्मी असतो, त्यात क्षारही असतात, आणि उकळत्या दुधात तो टाकला की प्रथिने साकळतात. गूळ आधी गरम डिकॉक्शनमध्ये पूर्ण विरघळवावा आणि त्यात गरम, पण उकळत नसलेले दूध शेवटी ओतावे. जुना, आंबूस वास येणारा गूळ कोणत्याही पद्धतीने वापरला तरी धोका असतोच. फार पिवळाधमक गूळ दिसल्यास रसायनाने उजळलेला आहे का, असे विचारावे. गडद तपकिरी गुळाची कॉफी दिसायला साधी असली तरी तिची चव खोल असते. हंगामात, म्हणजे गुऱ्हाळे सुरू असताना, काकवी मिळत असेल तर ती गार दुधाच्या कॉफीत घालून पाहावी.

कॉफी शॉपमध्ये तांबडा-पांढरा रस्सा मागवणे योग्य आहे का?

त्या दुकानात मटण रोज शिजत असेल, तरच मागवावा. पांढरा रस्सा म्हणजे मटणाच्या अळणी पाण्यात नारळाचे दूध, तीळ, खसखस आणि खडा मसाला, आणि नारळाचे दूध घातल्यावर तो जोरात उकळला की फुटतो. सकाळचा रस्सा संध्याकाळी पुन्हा तापवून देणाऱ्या दुकानात तो हमखास बिघडलेला मिळतो. शिवाय घरी आणि खाणावळीत रस्सा वाटीमागून वाटी वाढला जातो, कॉफी शॉपमध्ये तो कपाने मोजून येतो, म्हणून दुसरी वाटी मिळेल का, हे आधी विचारून घ्यावे. भात आजऱ्याच्या घनसाळचा असेल, तर मात्र थांबून तो खाऊनच जावे, कारण त्या सुवासिक तांदळाला २०१६ मध्ये मानांकन मिळाले असले तरी शहरातल्या ताटांत तो क्वचितच दिसतो. सोमवारी, गुरुवारी आणि श्रावणात अनेक ठिकाणी मटण नसते. रस्स्यानंतर कॉफी अर्ध्या तासाने, लहान कप आणि बिनदुधाची घ्यावी.

घरातील वयस्करांना तेथे अवघडल्यासारखे होईल का?

पहिल्या वेळी होते. बसण्याची जागा भिंतीकडेची, पाठ असलेली आणि फार खोल नसलेली निवडावी. खोल सोफ्यातून उठताना गुडघ्यांना त्रास होतो. मोठ्याने गाणी लागली असतील तर आवाज कमी करायला सांगावे, बहुतेक दुकानदार ऐकतात. मागवताना त्यांच्याऐवजी आपण बोलू नये, त्यांनाच विचारू द्यावे. सासूबाईंनी तिसऱ्या भेटीत स्वयंपाक करणाऱ्या मावशींना बाहेर बोलावून कटात खोबरे कमी पडल्याचे सांगितले, आणि दोघी बराच वेळ चटणीच्या प्रमाणावर बोलत उभ्या राहिल्या.

आरोग्याच्या बाजूने दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. ज्यांना पित्ताचा त्रास आहे, त्यांनी रिकाम्या पोटी कॉफी आणि कट दोन्ही टाळावेत. ज्यांच्या रक्तात लोह कमी आहे, त्यांनी मटकीच्या पदार्थानंतर कॉफीसाठी किमान तासभर थांबावे, कारण कॉफीतील घटक कडधान्यातील लोहाचे शोषण कमी करतात; उलट मिसळीवर पिळलेले लिंबू त्या शोषणाला मदत करते.

आपल्यासारख्यांनी अशा दुकानात जाणे शोभते का, असे घरी विचारतात. काय सांगावे?

हा प्रश्न मला पेठेतल्या दोन-तीन बायकांनी अगदी हळू आवाजात विचारला, म्हणून त्याचे उत्तर सविस्तर देते. कोण कोठे बसून काय पितो, ही गोष्ट या गावात एके काळी फार मोठी होती. राजर्षी शाहू महाराजांच्या काळात अस्पृश्य मानल्या गेलेल्या गंगाराम कांबळे यांना पाण्याला स्पर्श केल्यावरून मारहाण झाली. महाराजांनी त्यांना स्वतःचा व्यवसाय करण्यासाठी बळ दिले, आणि गंगारामांनी भाऊसिंगजी रोडवर ‘सत्यसुधारक’ नावाचे चहाचे हॉटेल काढले. लोक तेथे पाय ठेवीनात, तेव्हा महाराज स्वतः गाडी थांबवून त्यांच्या हातचा चहा मागवून पिऊ लागले आणि सोबतच्या मंडळींनाही पाजू लागले.

मी रिक्षाने ताराबाई पार्काकडे जाते, तेव्हा दसरा चौकात महाराजांचा पुतळा दिसतो आणि प्रत्येक वेळी मला तो चहा आठवतो. ज्या शहरात राजाने एका कपासाठी गाडी थांबवली, त्या शहरातल्या कोणत्याही टेबलाशी बसायला कोणाही बाईने, कोणाही कामगाराने, नऊवारी नेसलेल्या कोणाही आजीने परवानगी शोधू नये. साडी कोणती आहे, इंग्रजी येते का, कप कसा धरायचा, यांपैकी कशाचाही विचार करू नये. पैसे देऊन खाणारे आपण गिऱ्हाईक आहोत आणि पदार्थ तर आपलाच आहे.

बिल देताना काय पाहावे?

जादा कट आणि जादा ब्रेडचे पैसे लागतात का, हे मागवतानाच विचारावे, कारण पेठेत कट पुन्हा मोफत मिळतो आणि येथे तो बिलात दिसू शकतो. सेवा शुल्क देणे बंधनकारक नाही, ते आपोआप लावले असेल तर काढायला सांगता येते. २०२२ पासून बिलावर अन्नसुरक्षा नोंदणीचा १४ अंकी क्रमांक असणे आवश्यक आहे.

घरच्यांसाठी मिसळ बांधून आणली तर चव टिकते का?

कट वेगळा आणला तर टिकते. आम्ही घरून स्टीलचा घट्ट झाकणाचा डबा नेतो, कारण प्लॅस्टिकच्या पिशवीत गरम कट भरणे मला पटत नाही आणि तर्रीचा अर्धा भाग पिशवीलाच चिकटून राहतो. मटकी दुसऱ्या डब्यात, फरसाण कागदात, कांदा घरी चिरावा. परतताना रिक्षात डबा मांडीवर सरळ धरावा. घरी आल्यावर कट मंद आचेवर ठेवावा, ढवळू नये, पाणी घालू नये, आणि लाल तर्री पुन्हा वर आलेली दिसली की गॅस बंद करून लगेच वाढावा.